गोळी चालू, वांगं बंद

देऊळघाटच्या आमच्या शेतात वांगं नाही, असं एकही वर्ष मला आठवत नाही. बुलढाण्याचा बाजार जवळ, सकाळी तोडलेला माल उन्हं चढायच्या आत विकून होतो, हे बाबा सांगतात ते कारण. खरं कारण असं की त्यांना वांगं आवडतं. भरलेलं, भाजलेलं, नुसतं तेल-तिखटात परतलेलं, कसंही. आई एखाद्या दिवशी हौसेने दोडकं करायची, तर बाबा ताटाकडे बघून विचारायचे, "काऊन, वांगी सरली का?" आणि दाराबाहेर नजर पोचेल तिथवर वांगीच असायची.

अशा माणसाला वांगं बंद झालं. ते डॉक्टरांनी केलं नव्हतं, आईने केलं होतं.

काही वर्षांपूर्वी बाबा थकायला लागले. शेतात जायचे आणि बांधावर नुसते बसून राहायचे. पोटाची डावी बाजू जड लागते म्हणायचे. बुलढाण्यात रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी एवढ्या वाढलेल्या, की तिथल्या डॉक्टरांनी लगेच मोठ्या शहरातल्या दवाखान्यात जायला सांगितलं. आई त्यांना घेऊन देऊळगाव राजावरून जालन्याकडे जाणाऱ्या एसटीत बसली, मी पुण्याहून परस्पर दवाखान्यात पोचले. निदान झालं रक्ताच्या कर्करोगाचं, हळूहळू वाढणाऱ्या प्रकारचं.

इथे माझं काम सांगणं भाग आहे. गावात माझ्याबद्दल दोन मतं आहेत. एक, मी पुण्यात मेडिकलच्या दुकानात कामाला आहे. दुसरं, मी लवकरच स्वतःचं दुकान टाकणार आहे. प्रत्यक्षात मी प्रयोगशाळेत औषधाचे नवे रेणू बनवते. शरीरातल्या पेशीला 'वाढ' असा निरोप मिळाला की ती वाढते, निरोप थांबला की थांबते. कर्करोगात निरोप देणारं एखादं प्रथिन बिघडतं आणि वेळी-अवेळी 'वाढ, वाढ' म्हणत बसतं. त्या प्रथिनात एक खोबण असते. त्याचं इंधन तिथे येऊन बसतं, म्हणून ते चालतं. आम्ही त्या खोबणीत नेमका बसेल असा लहानसा रेणू बनवतो. तो जाऊन बसला की इंधनाला जागा उरत नाही आणि निरोप बंद पडतो. बोलायला हे एवढंच आहे. करायला माणसाची अर्धी नोकरी जाते, आणि बहुतेक रेणू नीट बसत नाहीत.

बाबांचा आजार असा होता की त्याच्यावर अशी गोळी आधीच निघालेली होती. नुसती निघालेली नव्हती, या जातीच्या औषधांमधली ती थोरली, तिच्यामुळेच पुढच्या सगळ्यांना हुरूप आला. कॉलेजात असल्यापासून मी तिची घडण फळ्यावर इतक्या वेळा काढली होती की झोपेतही काढली असती. डॉक्टरांनी कागदावर तिचं नाव लिहिलं आणि मी त्यांच्यासमोर चक्क हसले. वडिलांचा कर्करोग ऐकून हसणारी मुलगी त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. पण मला इतका आनंद झाला होता की तो लपवता आला नाही.

"ही गोळी मले माहीत हाये," मी बाबांना म्हणाले. "रोज जेवणात एक, वर गिलासभर पाणी. बस."

"तू बनवली का?" बाबांनी विचारलं.

"नाही. पण तिच्या भावकीतल्या बनवते."

बाबांना ते पटलं. आईला गोळीवर विश्वास होता, पण एकट्या गोळीवर सगळा भार टाकायची तिची तयारी नव्हती. घरी परतल्यावर ती शेताच्या बांधावरच्या मारोतीपुढे हात जोडून उभी राहिली आणि मोठ्याने म्हणाली, "याहीले बरं कर. तुले रोडगे करीन. तवर याहीचं वांगं बंद."

नवस आईचा आणि वांगं बाबांचं. कर्करोग ऐकून न पडलेला बाबांचा चेहरा तेव्हा पडला.

"सोडायचंच तर तू सोड न वांगं," ते म्हणाले.

"बिमारी तुमाले हाये, मले नाही," आई म्हणाली. विषय संपला.

त्यानंतर बाबा वांगी लावत, तोडत, विकत, पण खात नसत. बाजारात गिऱ्हाइकाला भाजी कशी करायची ते असं रंगवून सांगत, की माणूस एक किलो घ्यायला आलेला दोन किलो घेऊन जाई. आई मात्र घरात वांगं करायची आणि त्यांच्यासमोर बसून मिटक्या मारत खायची. मी एकदा तिला म्हटलं, अगं जरा आडोशाला बसून खा. तर म्हणाली, देवाला कळायला पाहिजे ना यांना किती त्रास होतो ते.

गोळी मात्र कामाला लागली होती. बाबांच्या पोटाचा जडपणा गेला, ते पुन्हा सगळ्यांच्या आधी शेतावर जाऊ लागले. दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं आणि दर खेपेला त्या बिघडलेल्या निरोप्याचं प्रमाण उतरलेलं दिसायचं. मग एका हिवाळ्यात रिपोर्ट आला, की आता तो सापडतच नाही. मी ऑफिसात उठून उभी राहिले आणि शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला मिठी मारली. आईने फोनवर पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. "रोडग्याचा दिवस पाहाते," म्हणाली आणि फोन ठेवला.

रोडगे ज्यांनी खाल्ले नाहीत त्यांची मला खरंच कीव येते. जाडसर कणकेचे घड्या घालून वळलेले गोळे, पेटलेल्या गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, राख झटकायची, हाताने फोडायचे आणि वर तूप सोडायचं. सोबत तुरीचं वरण आणि वांग्याची भाजी, लाल तर्री आलेली. हे शेतात, देवापुढे, माणसं गोळा करून करायचं. आमच्या घरात रोडगे भाजायचा मान माझ्या मोठ्या काकांचा. त्यांना धुराने डोळ्यांत पाणी येतं आणि तशा डोळ्यांनी ते सगळ्यांना हुकूम सोडतात.

मी पुण्याहून सकाळी पोचले तेव्हा भाजीचं पातेलं चढलं होतं. बाबा नवा सदरा घालून पातेल्याच्या आसपास घुटमळत होते, आणि काका त्यांना हाकलत होते. देवाला नैवेद्य दाखवला, पंगत बसली, पहिली भाजी बाबांच्या पत्रावळीत पडली. त्यांनी घास घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. सगळी पंगत हसत होती. आई तुपाचं भांडं घेऊन वाढत फिरत होती, तिचे डोळे भरून आले होते, आणि कुणी बघितलं की ती धुराला नावं ठेवत होती. त्या दिवशी मी इतकी सुखात होते की रस्त्याने जाणाऱ्याला ओढून जेवायला बसवलं असतं.

बाबांनी भाजी पुन्हा मागून घेतली तेव्हा मी पाण्याचा गिलास घेऊन त्यांच्यापाशी गेले. "बाबा, गोळी कुठी हाये? जेवणातच घ्या लागते."

"आता काहाची गोळी?" बाबा म्हणाले. "नवस फिटला."

मला वाटलं गंमत करतायत. "घेतली नाही का आज?"

"रिपोर्ट आला तवापासूनच बंद केली."

"आन राहिलेल्या कुठी हायेत?"

बाबांनी तर्रीने लाल झालेलं बोट मारोतीकडे केलं. शेंदूर फासलेल्या त्या दगडापाशी फोडलेला नारळ होता आणि नारळाशेजारी गोळ्यांचा खोका. चंदेरी पट्ट्या अर्ध्या बाहेर आलेल्या, त्यांच्यावर हळद-कुंकू वाहिलेलं. नवस फिटल्यावर लोक देवाला पाळणा वाहतात, घंटा वाहतात, ते मी पाहिलं होतं. कर्करोगाची गोळी वाहिलेली मी पहिल्यांदाच पाहत होते.

माझं डोकं फिरलं. मी रागीट आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे, पण भरल्या पंगतीत मी एवढं कधी ओरडले नव्हते. "डॉक्टरले इचारलं का?"

"डाक्टरच म्हने न, काही दिसत नाही म्हनून."

"दिसत नाही म्हणजे सरलं असं नसते! मुळाशी थोडं राह्यतेच. गोळी थांबली का पुन्हा सुरू होते."

 रागाच्या खाली नुसती भीती होती. गोळी सुटली आणि आजार परतला, तर तो मागच्या वेळेसारखा सौम्य येईलच असं कुणी सांगू शकत नाही, आणि हे त्या शेतात फक्त मला माहीत होतं. समोर बाबा, ओठाला भाजी लागलेली, एवढे खूश की त्यांना हे सांगायचं मला जिवावर आलं.

मी खिशातून फोन काढला. त्याच आठवड्यात आमच्या प्रयोगशाळेत एक प्रयोग झाला होता आणि त्याचा फोटो माझ्याकडे होता. मी बनवलेला रेणू माझी ती मैत्रीण पेशींवर टाकते आणि निरोप चालू आहे की बंद ते पाहते. चालू असेल तर काळी पट्टी उमटते, बंद असेल तर जागा कोरी राहते. मग ती पेशी धुऊन काढते, म्हणजे रेणू निघून जातो, आणि पुन्हा पाहते. फोटोत तिन्ही शेजारी शेजारी होतं. आधी काळी पट्टी, औषधाने कोरी, आणि धुतल्यावर पुन्हा काळी, पहिल्याइतकीच.

बाबांनी डावा हात सदऱ्याला पुसून फोन घेतला. काकाही उठून आले. मी एकेका पट्टीवर बोट ठेवून सांगितलं.

"एवढी बसवली अन् धुता कायले?" बाबांनी विचारलं.

"सुटली तर काय होते ते पाहाले."

बाबा त्या शेवटच्या पट्टीकडे बघत राहिले. "म्हनजे मी धुऊन राह्यलो," ते म्हणाले.

"हो."

मला वाटलं, झालं, पटलं. पण बाबांचा चेहरा हळूहळू उतरत गेला, आणि ते कशामुळे ते त्यांनीच सांगितलं. "गोळी चालू, म्हनजे मी बिमारच. बिमार, म्हनजे नवस फिटला नाही. फिटला नाही, म्हनजे वांगं बंद." त्यांनी पत्रावळीतल्या भाजीकडे असं पाहिलं की मला रडू यायच्या ऐवजी हसू यायला लागलं. मी ओठ दाबून धरले.

काका या बाबतीत कडक. "बरोबर हाये," ते म्हणाले. "आन अपुऱ्या नवसाचे रोडगे मी भाजत नसतो."

"भाजले न पन तुमी, खाल्ले बी," मी म्हणाले.

"मले सांगितलं कोनं? आन देवाले वाह्यलेलं वापस घेता येत नाही, ते येगळं."

म्हणजे एकीकडे माझं रसायनशास्त्र आणि दुसरीकडे काका, आणि मधे बाबा, हातात फुटका रोडगा घेऊन. डॉक्टरांना फोन लावून स्पीकरवर ठेवावा असं माझ्या मनात आलं. पण डॉक्टर फार तर गोळीचं सांगतील, नवसाचं त्यांना काय कळणार होतं.

तेवढ्यात आईने तुपाचं भांडं खाली ठेवलं. हात धुतले, डोक्यावर पदर घेतला आणि मारोतीपुढे जाऊन उभी राहिली. ती त्याच्याशी काय बोलत होती ते आम्हाला ऐकू येत नव्हतं, पण हात हलत होते, आणि मधेच तिने बाबांकडे बोट केलं. मारोतीचं तिच्यापुढे फारसं काही चाललं नसावं. मग तिने खाली वाकून गोळ्यांचा खोका उचलला, कपाळाला लावला, आणि पंगतीत येऊन एक गोळी काढून बाबांच्या पुढे धरली.

"परसाद हाये. घ्या."

"पन देवाले वाह्यलेलं..." काकांनी सुरुवात केली.

"वाह्यलेला नारळ खाता का नाही तुमी? मंग?"

काका गोवऱ्यांकडे निघून गेले. प्रसादाला नाही म्हणता येत नाही, हे बाबांनाही माहीत होतं. पण ते गोळी हातात घेऊन तसेच बसून राहिले. "आन वांगं?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"खा तुमी वांगं. मी त्याले सांगून आली. गोळी चालू हाये तवर वांगं माह्यं बंद."

 आई सकाळपासून वाढत होती, ती स्वतः जेवायला बसलीच नव्हती. त्या पातेल्यातली भाजी तिने चाखलीसुद्धा नव्हती, आणि गोळी चालू आहे तवर म्हणजे किती, हे मी तिला विचारलं नाही, तिनेही मला विचारलं नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग गोळी तोंडात टाकली आणि गिलासभर पाणी एका दमात पिऊन टाकलं. आई वरणाचं भांडं घेऊन पुढच्या माणसाला वाढायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना फोन लावून बाबांच्या हातात दिला. काय बोलणी बसली ती मला कळली नाहीत, पण बाबा दहा मिनिटं 'हाव साहेब, हाव साहेब' करत होते. पुढच्या तपासणीपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. रिपोर्ट आला तो कोराच. मी फोनवर आईला सांगितलं तर ती म्हणाली, "मले माहीतच होतं," आणि लगेच नाक शिंकरल्याचा आवाज आला.

तेव्हापासून बाबांची एकही गोळी चुकलेली नाही. माझ्या पट्ट्यांच्या फोटोचा त्यात थोडाफार वाटा असेल, पण मुख्य गोष्ट अशी की गोळी चुकली तर आईचं वांगं फुकट जाईल. दुपारी ते गोळी घेतात आणि घराच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत ऐकू जाईल असं ओरडतात, "घेतली वो!" ताटातल्या वांग्याची एक फोड ते तिच्या ताटाच्या कडेला सरकवून बघतात. ती फोड परत त्यांच्या ताटात येते. गेल्या वर्षी मी घरी गेले तर बांधाच्या कडेने वेल चढलेले दिसले. दोडक्याचे. सगळ्या आयुष्यात बाबांनी दोडकं लावलेलं मी पाहिलं नव्हतं. दुपारी दोघंही दोडक्याची भाजी खात बसले होते, आणि बाबा ती चांगली लागते असं तोंड करून खात होते. मला दोघांबद्दल इतकं प्रेम वाटलं की मीही दोनदा मागून घेतली, आणि दोडकं मलाही आवडत नाही.

एकदा मी बाबांना सांगून बसले की काही जणांची गोळी बऱ्याच वर्षांनी डॉक्टर थांबवून बघतात, पण पुष्कळांना पुन्हा सुरू करावी लागते. आजार मुळातून संपवणारं औषध शोधायला जगभर लोक लागलेत. हे त्यांनी जे धरून ठेवलं ते ठेवलंच. आता फोनवर माझी तब्येत नंतर, आधी हे. "नवी गोळी कुठवर आली? तुह्या मायले वांगं खाऊ घालायचं हाये."

मी त्यांना दर वेळी सांगते की बाबा, मी काम करते ते तुमच्या आजारावर नाही, फुप्फुसाच्या कर्करोगावर. ते 'हाव' म्हणतात आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारतात.

तर परवाची गोष्ट. धुतला की निघून जाणारा तो जो रेणू होता, त्याच्या एका टोकाला मी हुकासारखा लहानसा आकडा जोडला होता. खोबणीत बसल्यावर हा आकडा प्रथिनाला जाऊन धरतो, निदान धरावा असा माझा हिशेब होता. याआधीच्या कित्येक आकड्यांनी काहीच धरलं नव्हतं. मैत्रिणीने पेशींवर तो टाकला, धुतला, पुन्हा धुतला, आणि मला खुणेने बोलावलं. पडद्यावर आधी काळी पट्टी होती, मग कोरी जागा, आणि धुतल्यानंतर पुन्हा कोरी जागा.

"आलीच नाही बे!" मी ओरडले.

पुण्यात इतकी वर्षं काढून मी शुद्ध बोलायला शिकले आहे, पण प्रयोग जमला की माझी भाषा थेट देऊळघाटला जाते. त्यामुळे कॉरिडॉरमधल्या सगळ्यांना न सांगता कळलं. कुणीतरी चहा मागवला, कुणी भजी. मी जिन्यात जाऊन घरी फोन लावला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मी त्यांना हेही स्पष्ट सांगितलं की हे अजून काचेच्या बशीतलं आहे, प्राण्यांवर, माणसांवर, गोळीपर्यंत जायला वर्षं लागतील, यातले बहुतेक रेणू वाटेतच गळतात, आणि गळला नाही तरी त्याचा त्यांना उपयोग नाही, तो दुसऱ्याच आजाराचा आहे.

"म्हनजे तुह्या मायचं वांगं काही यानं सुटत नाही," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

पलीकडे त्यांनी शेतातला पंप बंद केला. मग बाबा आनंदाने म्हणाले, "तरी करजो तू. कोनाच्या तरी घरी वांगं बंद असनच नं."